कोर्टाच्या तारखेआधी

सोमवार, ७ फेब्रुवारी १९३८

काल त्यांनी आमची प्रार्थना मोडली.

पहिले गीत संपत आले होते. मॉर्न क्लेअरच्या टेकडीवर वारा असा होता की मेणबत्त्या हाताच्या ओंजळीत धराव्या लागत होत्या. प्रार्थनाघराच्या दाराशी म्हातारा ऑस्बर्ट घंटा वाजवत होता. तो आमच्या मंडळीचा राखणदार. कॉर्पोरल ग्रेगवार सहा शिपाई घेऊन वर चढला. या बेटावर वीस वर्षांपासून कायदा आहे: आमच्या पंथाच्या लोकांनी सभेत घंटा वाजवू नये, डोक्याला पांढरे फडके बांधू नये, हातात फुले धरू नयेत, ओरडून देवाला हाक मारू नये. कॅथलिकांची घंटा चालते, इंग्रजांच्या चर्चची चालते. आमची तेवढी गुन्हा.

"घंटा इकडे दे, म्हाताऱ्या," ग्रेगवार म्हणाला.

ऑस्बर्टने मान हलवली आणि वाजवत राहिला. ग्रेगवारने दांडका त्याच्या डोक्यावर मारला. घंटेचा नव्हे, कवटीचा आवाज झाला. मी तो ऐकला. मी दहा पावलांवर होतो, पवित्र शास्त्र उघडे धरून.

आमची नावे लिहून घेतली. कोर्टाची तारीख अकरा एप्रिल. पुन्हा सभा भरवणार नाही असे सही करून दिले तर सुटका, नाही तर तुरुंग, असे ग्रेगवारने सांगितले. ऑस्बर्टला चौघांनी घरी नेले. त्याची बायको यूडोरा, जी आमच्या मंडळीची मदर आहे, पुढे चालत होती. ती रडली नाही.

हेस्टर म्हणाली, "दिवसभर बोलता. आता तोंडाला विश्रांती द्या आणि लिहा. निदान मला झोपता येईल." म्हणून ही वही. मी थॅडियस जोफील्ड, धंद्याने शिंपी, या मंडळीचा लीडर. पोलिसांच्या विजारी मीच शिवतो. ग्रेगवारची मापे माझ्याकडे आहेत.

रविवार, १३ फेब्रुवारी

ऑस्बर्ट काल गेला. डॉक्टरच्या कागदावर कारण लिहिले आहे: हृदय दुर्बळ. ज्या माणसाने सत्तर वर्षांच्या वयात कोकोची पोती पाठीवरून उतारावर नेली, त्याचे हृदय दुर्बळ!

आज त्याला पुरले. कबरीशी मी बोललो, आणि मला अभिमानाने नोंदवले पाहिजे की तसा मी कधीच बोललो नव्हतो. सारे गाव आले होते, कॅथलिकसुद्धा, खालच्या इस्टेटीच्या बराकींतले हिंदू मजूरसुद्धा. मी म्हणालो, देव पवित्र आहे. त्याचे डोळे घाणीवर ठरत नाहीत. ज्या हाताने हा म्हातारा मारला तो हात देव सोडणार नाही. मी हात वर केला आणि म्हणालो, "आपण त्या कोर्टात उभे राहण्याआधी देव त्या माणसाचा न्याय करील. कोणी सही करायची नाही. कोणी घाबरायचे नाही. कोर्टाच्या तारखेआधी!"

लोक ओरडले. बायका जमिनीवर बसल्या. ब्रदर सायलस, आमचा सर्वांत भित्रा माणूस, माझा हात धरून म्हणाला, "लीडर, आज तुमच्या आवाजानं झाडं हलली बघा."

परत येताना यूडोरा माझ्या बरोबरीने चालत होती.

"तारीख कशाला दिलीस, थॅडियस?"

"विश्वास आहे म्हणून, मदर."

"विश्वास आहे तर तारीख कशाला?"

दुःखात माणूस काहीही बोलतो.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी

ग्रेगवारला सार्जंट केले. बाहीवर तिसरी पट्टी शिवायला गणवेष माझ्याकडेच आला. मी शिवली. टाके सरळ घातले, कारण माझे टाके वाकडे जात नाहीत, सैतानासाठीसुद्धा नाही. धागा तोडताना मी म्हणालो, प्रभू, बघतो आहेस ना?

हेस्टर म्हणाली, "तो बघतोय. तुम्ही सुईकडे बघा."

बुधवार, ९ मार्च

काही नाही. तो रोज सायकलवरून घरासमोरून जातो, शीळ घालत. त्याच्या बागेत केळीचे घड लटकले आहेत, त्याची बायको ल्युसील हिच्या कडेवर सहा महिन्यांचा गुटगुटीत मुलगा आहे. आमच्याकडे यूडोराच्या अंगणात ऑस्बर्टची टोपी खुंटीवर आहे.

मी आयुष्यभर वाचले आहे. मिशनऱ्यांनी टाकून दिलेली पुस्तके, जहाजावरून आलेली वर्तमानपत्रे, इस्टेटीच्या मालकाने उधईच्या भीतीने फेकलेला इतिहास. जगात कुठेही दुष्ट माणूस जिंकला की त्या पानावर मी पेन्सिलीने खूण करतो. खुणा फार झाल्या आहेत. एखादा साधा माणूस अन्याय पाहून गप्प बसला तर आपण त्याला भेकड म्हणतो. मग तुला काय म्हणू? तू भेकड नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू पवित्र आहेस. म्हणूनच मला हे गणित सुटत नाही. तू पवित्र नसतास तर मी केव्हाच झोपलो असतो.

एक समाधान आहे. माझ्या शब्दाला गावात केवढे वजन आहे हे आता कळते. कबरीवर मी बोललो तेव्हापासून ग्रेगवारच्या घरी कोणी पाऊल टाकत नाही. कोळीण त्याच्या दारात टोपली उतरवत नाही. धोबीण कपडे नेत नाही. देवाचा घाव पडणार आहे तिथे उभे राहायला कोणाला हवे? एक शब्द, आणि सगळे गाव एकजूट! अशी माणसे मी घडवली.

शनिवार, १९ मार्च

सायलस धावत आला, धापा टाकत.

"लागला! लीडर, लागला!"

"काय लागला?"

"तुमचा शब्द! सार्जंटच्या पोराला ताप. अंग भट्टीसारखं तापलंय. दूध पित नाही. डॉक्टर शहराला गेलाय. सार्जंट वेड्यासारखा रस्त्यावर फिरतोय, कोणी दार उघडत नाही. सुईणसुद्धा म्हणाली, मी त्या घरात येणार नाही, तिथं देव आलाय."

मी दुकानातच गुडघे टेकले. एवढे दिवस वाट पाहिली, आणि आता हे. मी देवाचे आभार मानले.

हेस्टर कात्री हातात घेऊन उभी होती. "कशाबद्दल?" तिने विचारले.

मी म्हणालो, "न्यायाबद्दल."

"सहा महिन्यांचा न्याय?" एवढे बोलून ती चुलीकडे गेली. जेवताना माशाचा तुकडा माझ्या ताटात तिने मुद्दाम शेपटाकडचा वाढला.

सोमवार, २१ मार्च

यूडोरा गेली. ग्रेगवारच्या घरी! शनिवारीच गेली होती, दोन दिवस तिथेच आहे. मी आज तिला गाठले. ती विहिरीवरून बादली घेऊन येत होती.

"मदर, कुठे?"

"बघतोस ना. पाणी नेतेय."

"त्या घरी?"

"त्या घरी पाणी भरायला कोणी नाही. ती पोरगी एकटी आहे. पोराला मांडीवर घेऊन बसली की चूल पेटत नाही, चूल पेटवायला उठली की पोर रडतं. कोणी येत नाही तिच्याकडे." ती माझ्याकडे बघत राहिली. "का येत नाही, कोण जाणे."

"त्याने ऑस्बर्टला मारले!"

"मला सांगतोस? मी त्याचं डोकं धुतलं, थॅडियस. माझ्या हातांना ठाऊक आहे कोणी मारलं."

"मग देवाच्या हाताआड का येता?"

तिने बादली खाली ठेवली. मला वाटले आता रडेल. "त्या पोरानं कोणाला मारलेलं नाही. आणि देव पोरं मारून हिशोब चुकता करणार असेल तर तुझ्या त्या देवाला सांग, यूडोरा रविवारी येणार नाही. माझा देव तसला नाही. आता बाजूला हो. पाणी थांबेल, पण मी म्हातारी होतेय इथं उभी राहून."

मी बाजूला झालो. बादलीतले पाणी माझ्या बुटावर सांडले.

गुरुवार, २४ मार्च

पोराचा ताप उतरला. लिंबाच्या पानांचे पाणी, ओले फडके, आणि यूडोराने त्याला सतत कुशीत घेतलेले. आता दूध पितो.

मी स्पष्ट लिहितो, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. देवाच्या हाताशी आलेला न्याय आमच्याच मंडळीच्या मदरने परत पाठवला. आणि देवाने तो जाऊ दिला. ग्रेगवारने आभारसुद्धा मानले नाहीत म्हणे. दारात उभा राहिला, टोपी हातात, आणि मग ड्यूटीवर गेला.

लोक मला विचारतात, आता काय लीडर? सायलस तर रस्ता बदलून जातो.

शनिवार, २६ मार्च

ठरले. मी जमिनीवर जाणार.

आमच्यात ज्याला देवाकडून ऐकायचे असते तो टेकडीमागच्या खोपीत मातीवर झोपतो. डोळ्यांवर रंगीत पट्ट्या बांधतात, उशाशी पाण्याचा पितळी लोटा आणि मेणबत्ती. अन्न नाही. मग त्याचा आत्मा फिरायला जातो, आणि बाहेर आल्यावर त्याला सर्वांसमोर उभे राहून आपण काय पाहिले ते सांगावे लागते. मी तरुणपणी तीनदा गेलो आहे. तिन्ही वेळा डोंगर पाहिले, समुद्र पाहिले, पांढऱ्या कपड्यांतली माणसे पाहिली. आता मी त्याला उत्तर द्यायला भाग पाडीन. एका लीडरने जमिनीवर पडून विचारले तर तो गप्प बसू शकत नाही.

पट्ट्या बांधण्याचे काम मदरचे. म्हणजे यूडोराचे. तिने माझे पाय धुतले. मग नियमाप्रमाणे विचारले, "कुणाशी वैर?"

"कुणाशी नाही."

तिने पट्टी थोडी जास्त घट्ट बांधली असे वाटले.

रविवार, ३ एप्रिल

आज सकाळी बाहेर आलो. आठ दिवसांच्या उपवासाने अक्षर वाईट येते आहे.

काही नाही. डोंगर नाही, समुद्र नाही, एक पांढरा कपडासुद्धा नाही. मी ओरडलो, रडलो, भांडलो. मी त्याला माझ्या पुस्तकांतल्या सगळ्या खुणा मोजून दाखवल्या. अंधार होता आणि अंधारच राहिला. ऐकू आले ते एवढेच: यूडोराचा झाडू. यूडोराचा खोकला. यूडोरा म्हणते, "घोटभर पाणी घे." पुन्हा झाडू. रोज, दिवसभर, ती तिथेच. देवाचा एक शब्द नाही.

मग पट्ट्या काढल्या आणि मला लोकांसमोर नेले. सगळे आले होते. अशा वेळी काय बोलावे हे मला ठाऊक आहे. मी एक डोंगर सांगू शकलो असतो. माझ्या जिभेवर तो तयार होता: त्यावर तलवार, तलवारीवर अकरा एप्रिल. लोकांच्या डोळ्यांत दिसत होते, त्यांना तो हवा होता. सायलस पुढे झुकून बसला होता, तोंड उघडे.

मी म्हणालो, "मी काही पाहिले नाही. काही ऐकले नाही. देव बोलला नाही."

तीस वर्षांत माझ्या वाक्यानंतर एवढी शांतता पडल्याचे मला आठवत नाही. मी पुढे म्हणालो, "तारीख मी दिली होती. त्याने नाही."

सायलस उठला. "मग मी सही करतो, लीडर. माझी बायको आजारी आहे. मी महिनाभर तुरुंगात बसलो तर तिला कोण बघेल? माफ करा." दोन-चार माना हलल्या.

मी त्याला थांबवले नाही. काय सांगून थांबवू?

घरी हेस्टरने कसाव्याची पेज दिली. म्हणाली, "आज बरं बोललात." मला वाटते ती उपवासामुळे माझी कीव करत होती.

रविवार, १० एप्रिल

उद्या कोर्ट. मॅजिस्ट्रेट एक कागद पुढे करणार असे कळते: आम्ही यापुढे सभा भरवणार नाही. जो सही करील तो घरी, जो करणार नाही तो महिनाभर आत. सगळ्यांनी सही केली तर मॉर्न क्लेअरवर पुन्हा कधी प्रार्थना होणार नाही. हे लोक माझ्या शब्दावर अडून राहिले होते आणि तो शब्द पोकळ निघाला.

मी भाषण लिहिले आहे. चार पाने. पूजेचा हक्क, राजाचा न्याय, इतिहासातले दाखले. देव बोलत नसेल तर निदान मी बोलेन.

शनिवार, १४ मे

बुधवारी सुटलो. वही हेस्टरने पिठाच्या डब्यात ठेवली होती. तीही तुरुंगात होती, बायकांच्या बाजूला. वहीला अजून पिठाचा वास येतो आहे.

आता कोर्टाचे लिहितो.

खोली भरली होती. सार्जंट ग्रेगवारने साक्ष दिली: घंटा होती, फुले होती, ओरडणे होते. सगळे खरे होते. मॅजिस्ट्रेट म्हातारा गोरा माणूस, उकाड्याने लाल झालेला. ऑस्बर्टचा उल्लेख कोणी केला नाही. पहिले नाव यूडोराचे पुकारले.

"सही करा आणि घरी जा, बाई. एवढंच आहे."

"नाही, साहेब."

त्याला गंमत वाटली असावी. त्याने विचारले, "सही करू नको असं तुमच्या देवानं सांगितलं का?"

मागच्या बाकांवर हसू फुटले. मी खिशातली पाने चाचपली.

यूडोरा म्हणाली, "नाही साहेब. तो काहीच बोलला नाही. माझा नवरा मारला तेव्हाही नाही बोलला. मी पुष्कळदा विचारलं."

"मग?"

"मग काय, साहेब? माझा ऑस्बर्ट घरात आठ-आठ दिवस बोलायचा नाही. मी रागावले, भांडले, ताट आपटलं. पण तो गप्प आहे म्हणून घरात नाही, असं मला कधी वाटलं नाही. मी स्वयंपाक करायची, तो जेवायचा. तसंच आहे हे. तो त्याच्या वेळी बोलेल. मी रविवारी प्रार्थनेला जाणार."

हसू थांबले. ग्रेगवार भिंतीकडे बघत होता.

"एक महिना," मॅजिस्ट्रेट म्हणाला.

मग हेस्टर. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "नाही." मग सायलस. त्याने टाक हातात घेतला. मी डोळे मिटले. तो बराच वेळ उभा राहिला असावा, कारण कारकुनाने विचारले, "काय झालं?"

"मला लिहिता येत नाही, साहेब."

"मग अंगठा द्या."

सायलसने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. "अंगठाही येत नाही, साहेब."

सारी खोली हसली, आणि या वेळी हसू आमचे होते. हा सायलस! जो वळू पाहिला की झाडावर चढतो! त्याच्या बायकोला कोण बघेल याची काळजी करायला नको होती. बराकीतल्या हिंदू बायकांनी पाळ्या लावल्या होत्या, हे आम्हांला नंतर कळले. कोणी लावायला सांगितल्या होत्या ते कळले नाही. ल्युसील ग्रेगवारचे नाव कोणीतरी घेते, पण मी विश्वास ठेवत नाही.

एकामागून एक. सगळे नाही म्हणाले. एकाही माणसाने सही केली नाही. माझे नाव शेवटी आले. मी चार पाने काढली, हातात धरली, आणि पुन्हा खिशात ठेवली. म्हणालो, "मदर यूडोरा बोलल्या तेच." खरे लिहायचे तर थोडे वाईट वाटले. ती पाने चांगली होती.

आम्हांला उघड्या लॉरीत भरले. ग्रेगवार ड्रायव्हरजवळ बसला. पहिले वळण आले आणि मागून कोणीतरी गीत सुरू केले. मग सगळ्यांनी. मी लॉरीच्या फळीवर तळहाताने ताल धरला. इस्टेटीतल्या बायका कोकोच्या शेंगा फोडायच्या थांबून रस्त्याकडे आल्या. कॅथलिक पाद्री आपल्या दारात उभा होता. त्याने टोपी काढली.

ग्रेगवारने मागे वळून आरडाओरडा केला. "बंद करा! कायदा ठाऊक नाही का?"

यूडोरा म्हणाली, "कायदा सभेला आहे, बाळा. आम्ही कुठं जमलोय? तूच आम्हांला जमवलंस."

लॉरीभर हशा पिकला. ड्रायव्हरसुद्धा हसला. ग्रेगवार पुढे वळला. त्याची मान लाल झाली होती. मग यूडोराने पुढे वाकून त्याला विचारले, "लेकाला दात आले का?"

आम्ही पुन्हा गाऊ लागलो. पुलाजवळ, मागे न बघता, तो म्हणाला, "दोन."

त्याचे काय करायचे ते मला समजत नाही. मी फक्त लिहून ठेवतो. तो माणूस अजून सार्जंट आहे. त्याच्या हाताला काही झालेले नाही. डॉक्टरचा तो कागद अजून तसाच आहे, त्यावर अजून हृदय दुर्बळ लिहिलेले आहे. मी हे विसरलो नाही आणि विसरणार नाही. प्रभू, तूही विसरू नकोस. मी विचारत राहीन.

पण आज मला दुसरे सांगायचे आहे. तुरुंगात बत्तीस माणसे एका भिंतीच्या दोन बाजूंना झोपत होती, बायका पलीकडे, पुरुष अलीकडे. सकाळी पलीकडून यूडोरा गीताची पहिली ओळ म्हणायची आणि अलीकडून आम्ही दुसरी. पहारेकऱ्याने पहिले तीन दिवस दारावर काठी आपटली. चौथ्या दिवशी तोच ताल धरू लागला. ही माझी माणसे आहेत. राजांच्या सैन्यांविषयी मी वाचले आहे, त्यांच्या विजयांविषयीही. कागदासमोर उभे राहून अंगठा येत नाही म्हणणारा सायलस मी कोणत्याही पानावर वाचला नाही.

उद्या रविवार आहे. ग्रेगवार खाली रस्त्यावर उभा राहील, त्याला तसा हुकूम आहे. तू बोलशील की नाही, मला ठाऊक नाही. तारीख मी देत नाही. आम्ही आठ वाजता टेकडीवर असू, आणि प्रभू, कायद्याला जे जमले नाही ते तुझ्या मौनालाही जमणार नाही: आम्ही तुला हाक मारायचे थांबणार नाही.